एका टाकीत तिघं

आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली. प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. हे मी आजही कुणी न विचारता सांगते. दहिसरच्या आमच्या चाळीत तेव्हा दहावी झालेल्या मुलीलाही लोक शिकलेली म्हणायचे. आई तर नळावर बादली लावता लावता माझा विषय काढायची.

मालाडच्या एका शाळेत, बाळंतपणाच्या रजेवर गेलेल्या बाईंच्या जागी मला घेतलं होतं. त्या परत येणार नाहीत अशी कुणकुण होती. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, मला बोलावून सरळ सांगितलं, "विज्ञान प्रदर्शनात तुमचं काम बघू, मग कायम करायचं की नाही ठरवू. काहीतरी जिवंत मांडा. तक्ते काय, सगळेच लावतात."

मी म्हटलं, पाल, सरडा आणि सापसुरळी मांडू. प्रयोगशाळेच्या माळ्यावर माशांची जुनी काचेची टाकी होती, पाणी गळतं म्हणून टाकून दिलेली. टाकी एकच, आणि आमच्या खोलीत ती मावेल अशी जागाही एकच, खिडकीपाशी शिलाई मशीनवर. त्यामुळे तिघांना एकत्र ठेवायचं, हे ठरवावंसुद्धा लागलं नाही.

सरडा मी नदीकाठच्या कुंपणावरून गवताच्या काडीचा फास करून धरला. सापसुरळी मोरीमागच्या दगडांखाली मिळाली. पाल मात्र घरातलीच, देव्हाऱ्यावरच्या ट्यूबलाइटमागे राहणारी. संध्याकाळी कुणी काही बोललं आणि ती चुकचुकली, की ते खरं होणार असं आई धरून चालायची आणि बोटाने भिंतीवर टकटक करून "कृष्ण कृष्ण" म्हणायची. माझा निकाल लागायच्या आदल्या संध्याकाळीही ती चुकचुकली होती, असं आईचं म्हणणं.

"तिका कित्याक गो?" आई म्हणाली. "ती आपल्या घरातली."

"आई, माझ्या नोकरीचा प्रश्न आहे."

मग आईनेच स्टुलावर चढून झाडूने ट्यूबलाइटमागे हलवलं आणि पाल माझ्या डब्यात पडली.

शेजारच्या काकू दारात उभ्या राहून बघत होत्या. "काय गं, पाल नि सरडा एकाच घरात? भांडतील ना."

"आपण नाही राहत?" मी म्हटलं. "दादा, वहिनी, पोरं, आई, मी, आणि गावाहून आलेला पाहुणा. मधे पडदा लावला की झालं. भांडतो का आपण?"

"रोज भांडता," काकू म्हणाल्या. सगळे हसले. मीही हसले, पण वाक्य मला आवडलं होतं. रात्री पुठ्ठ्यावर झकास अक्षरात लिहिलं: 'एका घरात तीन जाती, गुण्यागोविंदाने.'

आई संडासाच्या वाटेवरून झुरळं धरून आणायची आणि टाकीवरची जाळी उचलून आत सोडायची. सरडा फांदीवर एकटाच बसे, काळपट पडलेला. सापसुरळी कौलाच्या तुकड्याखालून बाहेर येत नसे. पाल वरच्या कोपऱ्यात काचेला चिकटून. पाल रात्रीचा प्राणी, आणि मी टाकी उन्हात ठेवली होती, कारण सरड्याला ऊन लागतं हे मला पाठ होतं. एकाला लागणारं ऊन दुसरीला सोसवत नाही, हेही पुस्तकात होतं. तिघं एकमेकांना टाळत होते आणि मी त्याला शांतता समजत होते.

प्रदर्शनाच्या दिवशी आई ठेवणीतली साडी नेसून आली, बरोबर काकू. माझ्या टेबलाभोवती मुलांची गर्दी बघून आईचा चेहरा असा फुलला की मी क्षणभर दुसरीकडे बघितलं. तेवढ्यात मोठ्या बाई आल्या आणि मुलं बाजूला झाली.

सरड्याच्या तोंडात पाल होती. डोकं आत गेलेलं, मागचे पाय हवेत. शेपटी तुटून वाळूत पडली होती आणि एकटीच वळवळत होती. पहिल्या रांगेतली मुलगी म्हणाली, "बाई, ह्यांचं भांडण झालं?"

मोठ्या बाईंनी पुठ्ठा वाचला, मोठ्याने, शेवटच्या शब्दापर्यंत. मग माझ्याकडे बघितलं.

"हे नैसर्गिक आहे," मी म्हटलं. माझाच आवाज मला परका वाटला. "निसर्गात मोठा प्राणी लहान प्राण्याला..."

"निसर्गात तिला पळायला जागा होती, बाई," त्या म्हणाल्या. "पुठ्ठा काढा."

मी पुठ्ठा काढला. कुठे ठेवावा कळेना, म्हणून पाठीमागे धरून उभी राहिले. आईने पुढे होऊन टेबलाच्या कडेवर बोटाने टकटक केली आणि पुटपुटली, "कृष्ण कृष्ण." मोठ्या बाईंसमोर. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं, आणि ते टाकीमुळे की आईमुळे, हे तेव्हा मला सांगता आलं नसतं. आता येतं. आईमुळे. त्या हॉलमध्ये पालीसाठी कुणाला वाईट वाटलं असेल तर ते तिला एकटीला, आणि मला तिचीच लाज वाटली.

परतताना काकू म्हणाल्या, "जाऊ दे गं, पालच ती. वाट नाही लागत नोकरीची." दुसऱ्या दिवशी मी सरड्याला कुंपणावर आणि सापसुरळीला दगडांपाशी सोडलं. सरडा लगेच गेला नाही. काठीवर बसून राहिला, हळूहळू त्याचा रंग उजळला.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा रजेवरच्या बाई परत आल्या नाहीत आणि मोठ्या बाईंनी मला कायम केलं. प्रदर्शनाचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. घरी येऊन दारातूनच सांगितलं, "आई, झाले मी कायम."

आईने आधी देव्हाऱ्यावरच्या ट्यूबलाइटकडे बघितलं. बोट भिंतीशी नेलं आणि थांबली. वर नुसती ट्यूब घुंघुं करत होती.

"बरं झालं," ती म्हणाली आणि हात पदराला पुसला.