कचेरीच्या चौकटीतला श्री

मेहकर, सोमवार, २८ जून १९६५. सकाळी ढगाळ. भाचीला, कोकिळेला, घेऊन कचेरीसमोर उकंडराव टायपिस्टांकडे गेले. तिच्या शिक्षिका-प्रशिक्षणाच्या अर्जाची आज शेवटची तारीख. थोडा घोळ झाला.

अन्नपूर्णाबाईंनी रोजनिशीत 'थोडा' लिहिले, ते उकंडरावांवर उपकार म्हणून.

कचेरीसमोरच्या लिंबाखाली उकंडराव टाइपरायटर घेऊन बसत. कोऱ्या कागदावर कोणीही टाइप करील. छापील अर्जाच्या रेघांवर अक्षर बसवावे ते त्यांनीच. छापखान्याच्या रेघा आणि मशीनच्या ओळी कधी जुळत नसत. मग ते रूळ सैल करत, एक डोळा मिटून कागद केसभर सरकवत, आणि अक्षर रेघेवर बसे ते म्हशीच्या पाठीवर बगळा बसावा तसे.

मात्र कागद कोणताही असो, आधी माथ्यावर मधोमध 'श्री' उमटवल्याशिवाय त्यांचे बोट पुढे जात नसे. कोकिळेच्या अर्जावरही त्यांनी तो उमटवला. तिथे नेमकी एक चौकट होती आणि तीत छापले होते : कार्यालयासाठी, येथे काही लिहू नये.

खिडकीतून उत्तमराव कारकुनांनी अर्ज परत ढकलला. "हे खोडा. नाहीतर दुसरा अर्ज भरा."

"दुसरा बुलढाण्याहून आणा लागते," कोकिळा रडकुंडीला आली. "माझं वर्ष जाते ना, साहेब!"

उकंडरावांना घाम फुटला. पोरीचे वर्ष आपल्या बोटाने घालवले!

"पाहता काय? मारा काट!" उत्तमराव म्हणाले.

"मी? देवाले? तीस वर्षं झाली, त्याच्याच नावावर पोट भरून राह्यलो. तुम्हीच मारा."

उत्तमरावांनी टाक दौतीत बुडवला. तो हवेतच राहिला. सोमवारचा त्यांना उपास होता. "मी काऊन मारू? पाप कोणाले?"

"चौकट ज्याची, त्याले."

अर्ज हेडक्लार्ककडे गेला. त्यांनी 'उचित कार्यवाही व्हावी' असे लिहून तो मोठ्या साहेबांकडे सरकवला. मोठ्या साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, आणि श्रीच्या खाली, नेहमीपेक्षा बारीक अक्षरात, सही केली.

पावणेपाचला पोच मिळाली. कोकिळेने ती पदराला गच्च बांधली.

"उकंडराव, पुढच्या खेपेस चौकट सोडा," उत्तमराव म्हणाले.

"सोडतो ना. श्री मागच्या बाजूनं टाइप करीन."

त्या संध्याकाळी अन्नपूर्णाबाईंनी रोजनिशीत आणखी एक ओळ लिहिली : ज्वारीला सोंडे लागले, उद्या ऊन पडले तर वाळत घालणे.