एकोणीस नंबरचा कप्पा

ब्रह्मदेव सृष्टी निर्माण करत होता तेव्हा आमच्या शाळेतल्या भूगोलाच्या मॅडम तिथे हजर असत्या, तर एकेका प्राण्यावर नंबर टाकून त्याची जागा ठरवल्याशिवाय त्यांनी त्याला पुढच्या प्राण्याला हात लावू दिला नसता. मी त्याच शाळेत मराठी शिकवतो. सहा वर्षं त्यांच्या दहावीच्या वर्गावर माझा दुसरा तास होता, आणि त्या सहा वर्षांत या बाईंनी मला जितकं छळलं तितकं माझ्या सख्ख्या सासूनेही छळलेलं नाही. त्यांचे वडील सिंदीला रेल्वेच्या फाटकावर गेटमन होते. फाटक लागल्याशिवाय गाडी पुढे जात नाही, हे मॅडमनी लहानपणी पाहिलं आणि पुढे आयुष्यभर आमच्यावर लागू केलं.

त्यांच्या वर्गाची मागची भिंत पाहून नवीन माणूस दचकायचा. कात्री, लाकडी पट्टी, डस्टर, फळ्यावरचा मोठा कंपास, जे जे तिथे टांगलेलं असे त्याच्याभोवती मॅडमनी काळ्या ऑइलपेंटने त्याची आकृती काढून ठेवली होती. वस्तू उचलली की मागे नुसती आकृती उरायची आणि चोरी लगेच उघडकीला यायची. एकदा मी पुस्तकांचं पार्सल फोडायला ती कात्री न विचारता स्टाफरूममध्ये नेली. सुतळी कापून व्हायच्या आत मॅडम दारात उभ्या. "सर, भिंतीवर कात्री दिसते, पण कातरत नाई. कुठी हाय?" बावीस वर्षं नोकरी झालेला माणूस मी, पण कात्री पाठीमागे लपवली. पेनाची तऱ्हा याहून न्यारी. पेन विसरलेल्या पोराला पेन मिळायचं, पण डाव्या पायातली चप्पल मॅडमच्या टेबलाखाली जमा केल्यावर. चाचणी परीक्षेच्या दिवसांत अर्धा वर्ग एका चपलेवर लंगडत पाणी प्यायला जाताना मी पाहिला आहे. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी शेरा लिहायला पेन मागितलं. मॅडमनी त्यांच्या पायांकडे पाहिलं. साहेब हसले, मग कोणीच हसत नाही हे पाहून मुकाट्याने बूट काढून बसले. शेरा मात्र चांगला मिळाला. एका पायात नुसता मोजा असलेला माणूस फार वेळ रुबाब करू शकत नाही.

पण या सगळ्यावर कळस म्हणजे फोनचे कप्पे. आमच्याकडे पोरं लांबलांबच्या गावांहून येतात, एसटी चुकली तर कळावं म्हणून घरचे फोन देतात, आणि मुख्याध्यापकांनी बंदी घालून घालून शेवटी हात टेकले होते. मॅडमनी एका जुन्या हिरव्या पडद्यावर चाळीस कप्पे शिवले, त्यांवर हजेरीचे नंबर टाकले आणि तो पडदा दाराशेजारी टांगला. बाजूला चाळीस खिळे, खिळ्यांना पत्र्याचे चाळीस बिल्ले. आल्याबरोबर फोन कप्प्यात ठेवायचा, आपल्या नंबरचा बिल्ला घ्यायचा; सुटताना बिल्ला द्यायचा, फोन घ्यायचा. बिल्ला शाळेबाहेर गेलेला त्यांना खपत नसे. वर्गात अडतीस मुलं, म्हणून मला वाटलं आपण सुटलो. "सर, तुमी चाळीस नंबर," मॅडम म्हणाल्या, आणि माझ्या हातावर बिल्ला ठेवला. तो खिशात घेऊन मी केशवसुतांच्या पिढीची कविता शिकवायचो आणि सारखा खिसा चाचपायचो.

शेवटच्या वर्षी तर त्यांनी हजेरीही कप्प्यांवरूनच मांडायला घेतली. कप्पा भरलेला, तो हजर. कप्पा रिकामा, तो गैरहजर. मान वर करायची गरज नाही, दोन मिनिटांत काम फत्ते. त्या स्वतःवर इतक्या खूश होत्या की सगळ्या शाळेने हीच पद्धत घ्यावी म्हणून मुख्याध्यापकांच्या मागे लागल्या.

एकोणीस नंबर ही हिंगणीकडून सायकलने येणारी एक अबोल मुलगी होती. पहिले तीन दिवस ती गैरहजर लागली, चौथ्या दिवशी खरोखरच आली नाही आणि मग यायची थांबली. आठवडा उलटल्यावर तिच्या शेजारच्या बाकावरची पोरगी चाचरत म्हणाली, "मॅडम, ते येत होती. तिच्यापाशी फोनच नाई." तेव्हा मी दारातच उभा होतो. मॅडम त्या पडद्याकडे बघत राहिल्या.

संध्याकाळी त्यांनी मला स्कूटीवर मागे बसवून हिंगणीला नेलं. वाटेतला एकही खड्डा त्यांनी चुकवला नाही आणि मीही एकही तक्रार गिळली नाही. मुलगी अंगणात तुरीच्या काड्यांचा झाडू बांधत होती. आई म्हणाली, "ते म्हणते, शाळेत माहं नावच नाई लागत. मंग कायले जाऊ?" मुलगी मान खाली घालून म्हणाली, "मी आलती, मॅडम. तीन दिवस आलती. तुमी मांडली नाई." मला वाटलं, आता मॅडम समजावतील, दहावीचं महत्त्व वगैरे सांगतील. त्यांनी पर्समधून एकोणीस नंबरचा बिल्ला काढला आणि तिच्या हातात दिला. "चुकलंच माहं. हा तुह्यापाशी ठेव. पण तो खिळा रिकामा राह्यला तर मले झोप लागत नाई. उद्या परत कराले येजो."

दुसऱ्या दिवशी ती आली. आणि त्या दिवसापासून मॅडमचा फोन लागेनासा झाला. म्हणजे वाजायचा, पण उचलायचं कोणी नाही. मुख्याध्यापकांना त्या हव्या असल्या की ते मला पळवत, मी खडूच्या हातांनी दोन जिने चढून निरोप द्यायचा आणि त्यांनी म्हणायचं, "धावत काऊन आले जी?" दिवाळी झाली, कापूस वेचणी संपत आली, माझे जिने काही संपेनात. शेवटी एके दिवशी मी चिडून त्यांचा नंबर लावला आणि फोन कानाला धरूनच त्यांच्या वर्गात शिरलो. दाराशेजारचा पडदा थरथरत होता. एकोणीस नंबरचा कप्पा. मी हात घालणार तोच ती अबोल मुलगी उठून उभी राहिली. "सर, तो माहा कप्पा हाय." आणि तिने मला बिल्ला दाखवला. वर्गात कोणी हसलं नाही. मॅडम मात्र माझ्या हातातल्या फोनकडे बोट दाखवून कडाडल्या, "सर, चाळीस नंबर रिकामा काऊन हाय?"

तिचा बिल्ला रोज घरी जात होता, हेही मला तेव्हाच कळलं. मॅडमच्या राज्यात हा एवढा एकच नियम मोडलेला होता, आणि तो त्यांनी स्वतः मोडला होता. मुलगी दहावी पास झाली, आता सेलूला अकरावीला आहे. निकालाच्या दिवशी तिने बिल्ला आणून दिला, मॅडमनी तो खिळ्याला अडकवला, दोनदा नीट केला आणि त्याच महिन्यात निवृत्त होऊन सिंदीला गेल्या. जाताना तो पडदा, ते खिळे आणि दहावीचा वर्ग माझ्या गळ्यात मारून गेल्या. सुटलो म्हणून मी पेढे वाटायला हवे होते. वाटले नाहीत. भिंतीवर कात्री असली तरी मला ती हल्ली आकृतीसारखीच दिसते, आणि दारातून कोणी खेकसत आलं नाही की तास नीट होत नाही.

परवा शाळा सुटल्यावर पाहिलं, तर मॅडमचे सहा फोन येऊन गेलेले. मी लावला.

"काऊन जी सर, सकाळपासून फोन करून राह्यली. उचलत काऊन नाई?"

"सात नंबरात होता, मॅडम."

पलीकडे मागून एक मालगाडी गेली, ती पूर्ण जाईपर्यंत त्या थांबल्या. मग नेहमीच्या दटावणीच्या सुरात म्हणाल्या,

"बिल्ला घरी नेऊ देजा त्याले. परत कराले यावंच लागते."