आईचं उत्तर, फ्रेंचमध्ये

मंडळी, आज मी चिखलाच्या पायांनी बीए फ्रेंचची तोंडी परीक्षा दिली!

रोवणीसाठी एकोडीला घरी आलेय. परीक्षा ऑनलाइन आणि रेंज फक्त बांधावर, म्हणून मोबाईल घेऊन तिथेच बसले. पाठीमागे बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, आई आणि बाकीच्या बाया धान रोवत होत्या.

मॅडमनी फ्रेंचमध्ये विचारलं, "मागच्या बायका उलट्या का चालतायत?"

लहानपणापासून बघतेय, पण कारण कधी विचारलंच नव्हतं. ओरडले, "आई, तुमी मागं मागं काहून सरकता वो?"

"पुढं गेलं त लावलेलंच तुडवू ना! अन् मागं सरकलं का किती लावलं ते डोळ्यापुढं रायते."

मी ते जसंच्या तसं फ्रेंचमध्ये सांगितलं. मॅडम खूश!

फोन ठेवला तशी आई म्हणाली, "मी बोलली ते तुया फ्रेंचमधी म्हण बरं."

म्हटलं. सगळ्या बाया हातात रोपं धरून ऐकत उभ्या. दर सुट्टीत "फ्रेंच कायले शिकतं वो?" विचारणाऱ्या काकूंकडे वळून आई म्हणाली, "आयकलं? मायंच बोलणं हाये ते."

निकाल यायचाय. पण मी आजच पास झाले, नाही का?