घाईला पेटलेली घड्याळं

तिसरी घंटा झाली, पडदा वर गेला, आणि रंगमंचावर महाराज दिसले ते अर्ध्या मिशीचे. उरलेली अर्धी मिशी रंगभूषाकाराच्या बोटाला चिकटलेली, आणि तो बिचारा महाराजांच्या पुढ्यात गुडघ्यावर. समोर निम्म्या खुर्च्या रिकाम्या, कारण लोक अजून बाहेर चहा पीत होते. जे आत होते त्यांनी मात्र टाळ्यांचा असा कडकडाट केला की महाराजांनी प्रसंग ओळखून रंगभूषाकारालाच अभय देऊन टाकलं. वा! याला म्हणतात नट!

पण व्यवस्थापकांना हे कौतुक कसं पटावं? घंटा त्यांनी वाजवली होती, मनगटावरचं घड्याळ बघून. आणि ते घड्याळ आदल्याच दिवशी दुरुस्त होऊन आलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते तरातरा घड्याळाच्या दुकानात शिरले.

"टिकटिकताई, हे घड्याळ आहे की शर्यतीचा घोडा?"

टिकटिकताईने डोळ्याचं भिंग काढलं. अख्खी गल्ली तिला याच नावाने ओळखायची. लहानपणी ती वडिलांच्या मांडीवर बसून बंद घड्याळांसाठी स्वतःच "टिक टिक" करायची, तेव्हापासूनचं हे नाव. आता केसांत पांढरं डोकावू लागलं तरी नाव काही सुटलं नव्हतं. वडिलांची दृष्टी कमी झाली, आणि खिडकीजवळच्या टेबलाशी ती बसू लागली. हात असा हलका, की तिने उघडलेल्या घड्याळाला आपण उघडे आहोत हे कळतही नसेल.

पण गेले काही दिवस या टेबलाला कुणाची तरी दृष्ट लागली होती. दुरुस्त केलेली घड्याळं पुढे पळत होती. एक नाही, दोन नाही, जे जाईल ते परत येत होतं. शाळेच्या शिपायाने मधली सुट्टी आधीच देऊन टाकली. पोरं खूश, मुख्याध्यापक लाल. दंतवैद्याच्या बायकोचं दूध रोज उतू जायचं थांबलं, उलट आता ते कच्चंच उतरत होतं.

"काल आमच्या महाराजांची अब्रू अर्ध्या मिशीवर लोंबकळत होती," व्यवस्थापक म्हणाले. "आज संध्याकाळी पुन्हा खेळ आहे. घड्याळ नीट झालं तर ठीक, नाही तर मी सरळ नवं घेतो, बॅटरीच्या सेलवर चालणारं."

मागे खुर्चीत आप्पा बसले होते. आप्पा म्हणजे ताईचे वडील. ते काही बोलले नाहीत, आणि तिला भीती वाटली ती त्याचीच. आप्पा ओरडले की समजावं, पाऊस पडून गेला. गप्प बसले की ढग भरताहेत.

सेलवाल्या घड्याळाचं नाव निघायला आणि चुलतभाऊ दारात यायला एकच गाठ पडली. त्याचं बाजारात सेलवाल्या घड्याळांचं चकचकीत दुकान होतं, आणि या जागेवर त्याचा डोळा होता.

"काका, मी म्हणत नव्हतो? ताईचा हात गेला. वय झालं की होतं. इथे मोबाइलच्या कव्हरांचा काउंटर टाकू. ताईला बसवू ना गल्ल्यावर."

"माझा हात गेला, आणि तुझी जीभ कधी जाणार रे दादा?" ती म्हणाली.

आप्पांनी घसा खाकरला. "पोरी, आजचं हे एक घड्याळ. संध्याकाळची घंटा वेळेवर झाली तर टेबल तुझं. नाही झाली तर उद्या हा येऊन माप घेईल. लोकांची वेळ चुकवणारं दुकान मला चालवायचं नाही."

व्यवस्थापक गेले, दादाही शीळ घालत गेला. ताईने घड्याळ उघडलं. छोटं चाक डावी-उजवीकडे झुलत होतं, आणि त्याच्या मधोमध केसाएवढी बारीक स्प्रिंग श्वास घ्यावा तशी पसरत आणि आकसत होती. याच श्वासावर घड्याळाची सगळी वेळ. पण आज श्वास लागला होता! स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटत होते. आखूड झालेला झोपाळा जसा भराभरा झुलतो, तसं चाक घाई करत होतं.

तेल लागलं असेल? तिने स्प्रिंग धुतली. पुन्हा चिकटली. वाकलीय? छे, सपाट. गेले कित्येक दिवस हेच चाललं होतं. ती प्रत्येक घड्याळाच्या आतला वेगाचा काटा 'हळू'कडे सरकवायची, भिंतीवरच्या आकड्याला टांगून निरखायची, आणि ते पुन्हा पळायला लागायचं. शहाण्या घोड्याचा लगाम खेचत राहावा, आणि त्याच्या पाठीत कुणीतरी मागून टाचणी टोचत असावं, तशातली गत.

तिने एक इवलासा स्क्रू चिमट्यात धरला आणि डबीत सोडला. स्क्रू पडेना. तिने चिमटा झटकला. स्क्रू पठ्ठ्या चिमट्याच्या टोकाला लोंबकळतोय, खाली यायचं नावच नाही!

ती त्या स्क्रूकडे बघत राहिली. मग खुर्ची मागे सारून उभीच राहिली.

"आप्पा! चुंबक!"

"काय बोलतेस? माझ्या दुकानात चुंबक?" आप्पांची मान ताठ झाली. "उभ्या जन्मात येऊ दिलेलं नाही. तुझ्या आईच्या पर्सला चुंबकाचं बटण होतं, तिलासुद्धा मी उंबऱ्याबाहेर उभी करायचो."

खरं होतं ते. चुंबक म्हणजे घड्याळाचा वैरी, हे आप्पांनी तिला अक्षरओळखीआधी शिकवलं होतं. पहारा इतका कडक, की चोर आत असेल अशी शंकासुद्धा बापलेकीच्या मनाला शिवली नव्हती. सगळं तपासलं, फक्त तेवढं सोडून!

पण चुंबक शोधायचा कसा? तो दिसत नाही, वास येत नाही, आवाज करत नाही. ताईची नजर दुरुस्तीला आलेल्या एका जुन्या घड्याळावर गेली. डोंगर चढणाऱ्या कुणा हौशी माणसाचं ते, पट्ट्यात बोटाच्या पेराएवढं होकायंत्र बसवलेलं. ती ते घेऊन आधी रस्त्यावर पळाली. काटा दोनदा डुलला आणि उत्तरेकडे तोंड करून स्थिर झाला. जिच्यावर आपण उभे आहोत ती पृथ्वी स्वतःच एक प्रचंड चुंबक, आणि हा एवढासा काटा मुकाट्याने तिचं ऐकतो! ताईच्या अंगावर शहारा आला. रोज शेकडो काटे हाताळणारी बाई ती, पण न दिसणारा हात काट्याला फिरवतो हे तिने असं उभं राहून कधी बघितलंच नव्हतं.

ती आत आली. टेबलाशी काटा थोडा चळला. दोन पावलं पुढे, आणखी चळला. आप्पा काठी टेकत मागोमाग. घड्याळं टांगलेल्या भिंतीपाशी तिने हात नेला मात्र, काटा गरकन फिरला आणि भिंतीकडे बोट दाखवून थरथरत उभा राहिला. उत्तर कुठली आणि दक्षिण कुठली, सगळं विसरून!

आणि ती भिंत तरी कसली? पातळ प्लायवूड. पलीकडची अर्धी जागा आप्पांनीच नुकती भाड्याने दिली होती, स्पीकर दुरुस्त करणाऱ्याला. गल्ली त्याला भोंगेवाला म्हणायची.

ताई वाऱ्यासारखी पलीकडे गेली. भोंगेवाला एका फाटक्या स्पीकरच्या कागदाला गोंद लावत होता. आणि भिंतीला, बरोब्बर तिच्या घड्याळांच्या पाठीला पाठ लावून, लोखंडी पट्टी ठोकलेली. तिच्यावर मोडक्या स्पीकरांतली काळी, जाडजूड, वाटोळी चुंबकं. रांगच्या रांग!

"सापडला!" ताई ओरडली.

भोंगेवाला दचकला, गोंद पँटवर सांडला. "कोण सापडला? मी काय केलं?"

"माझी घड्याळं पिसाळवलीत, आणखी काय करायचं राहिलंय? काढा ही चुंबकं!"

"अहो ताई, मी तर भिंतीशी लावून ठेवली, म्हणजे कुणाला त्रास नको!"

मागून आप्पा आले, रांगेकडे बघितलं, आणि मटकन स्टुलावर बसले. "मीच आणून बसवला," ते म्हणाले. "भाडेकरू म्हणून."

चुंबकं पलीकडच्या कोपऱ्यात गेली. पण रोग गेला नव्हता. घड्याळांतलं पोलाद आता स्वतःच चुंबक होऊन बसलं होतं. ताईने भोंगेवाल्याला अडचण सांगितली, आणि त्याचे डोळे चमकले. हा माणूस विजेत आणि चुंबकातच रमायचा. स्पीकर म्हणजे तरी काय? चुंबकाच्या कुशीत एक तारेचं वेटोळं. त्यात वीज नाचली की वेटोळं नाचतं, त्याला चिकटलेला कागद नाचतो, आणि आपल्याला गाणं ऐकू येतं.

"उतरवू की आपण हे चुंबकपण!" तो म्हणाला. "असं समजा, पोलादाच्या आत बारके बारके कण आहेत, समूहनृत्यातल्या पोरींसारखे. चुंबकाने शिट्टी मारली, सगळ्या एकाच बाजूला तोंड करून उभ्या. आता आपण त्यांना इतकं डावं-उजवं, डावं-उजवं करायला लावायचं, की कुणाचा कुणाशी मेळ राहू नये. घरातली वीज तशीच असते. क्षणाक्षणाला उलटी-सुलटी."

त्याने तांब्याच्या तारेचे वेढे दिले, बांगडीएवढं वेटोळं केलं, वीज बेतात राहावी म्हणून मध्ये दिवा जोडला आणि बटण दाबलं. वेटोळं गुणगुणायला लागलं. ताईने आधी चिमटा आत धरला. थोड्या वेळाने भोंगेवाल्याने बटण बंद केलं. चिमटा बाहेर. स्क्रूच्या डबीवर नेला आणि... अरे देवा! स्क्रूंचा घोसच्या घोस लटकला!

"वाढलं की हो हे!" ताई किंचाळली.

"असं कसं? असं होऊ नये," भोंगेवाला डोकं खाजवू लागला.

बाहेर ऊन कलायला लागलं होतं. आप्पा काठीवर हनुवटी टेकवून बसले होते. ताई वेटोळ्याकडे बघत होती. डावं-उजवं, डावं-उजवं. झोका. झोक्याची भाषा तर तिला झोपेतही कळायची! चालत्या झोक्याला मध्येच खांब आडवा घातला तर तो जिथे असेल तिथे तिरकाच अडकेल. त्याला मधोमध उभं राहू द्यायचं असेल तर हळूहळू विसावू द्यायला हवं.

"बटण बंद नाही करायचं!" ती ओरडली. "चालू राहू दे. मी चिमटाच लांब नेते. सावकाश. म्हणजे नाच थांबणार नाही, लहान लहान होत जाईल!"

भोंगेवाल्याने तिच्याकडे असं बघितलं जसं तिने भर दरबारात पान खाऊन गाणं सुरू केलंय. मग त्याने बटण दाबलं. ताईने चिमटा आत धरला, आणि हात लांब, आणखी लांब, पार दारापर्यंत नेला. डबीवर आणला. टोकाने स्क्रू उचलला. चिमटा उघडला.

टप्प.

"पडला!" तिघं एकदम ओरडले. आप्पांनी काठी इतक्या जोरात आपटली की वरच्या फळीवरचा एक भोंगा खाली आला, आणि भोंगेवाल्याला त्याचंही हसू आलं.

मग व्यवस्थापकांचं घड्याळ. तोच हात, तीच सावकाशी. ताईने भिंग लावलं. स्प्रिंगचे वेढे वेगळे होऊन ऐटीत श्वास घेत होते. आता एकच काम उरलं होतं. आधीच्या दुरुस्तीत वेगाचा काटा 'हळू'कडे दाबून ठेवला होता, तो मोकळा करायचा. नाही तर आज घंटा उशिरा व्हायची आणि महाराज मिशी लावून लावून कंटाळायचे!

संध्याकाळी ताई आणि आप्पा विंगेत उभे. घड्याळ व्यवस्थापकांच्या मनगटावर, आणि व्यवस्थापक तिकीट खिडकीतून विंगेत आणलेल्या रेडिओचा आवाज मोठा करून कान टवकारून. रंगमंचावर महाराज, दोन्ही मिशांसकट, एक हात संशयाने मिशीवर. रेडिओवर तासाचे टोले सुरू झाले. पिप्, पिप्, पिप्... आणि शेवटच्या लांब ठोक्याला घड्याळाचा सेकंदकाटा बाराच्या रेघेवर असा चढला, जसा नट आपल्या जागेवर येतो, न धावता, न रेंगाळता!

घणाणली घंटा! बाहेरची मंडळी कप टाकून आत धावली, दिवे मंदावले, पडदा वर गेला. ताईला टाळी वाजवायचं भान राहिलं नाही. आप्पांनीच वाजवली. दोन्ही हातांनी, काठी काखेत धरून.

सकाळी आप्पा होकायंत्र घेऊन दुकानामागच्या घरभर फिरत होते. फ्रिजच्या दारात चुंबक, कपाटाच्या कडीत चुंबक, रेडिओत, टेलिफोनच्या कानात! "अगं, सगळं घरच फितूर आहे!" ते पोरासारखे ओरडत होते. होकायंत्र घेऊन ते आईजवळ गेले तेव्हा तिने हात झटकला. "माझ्याकडे नका आणू. इतकी वर्षं तुम्हाला चिकटून आहे, अजून काय तपासायचंय?"

तेवढ्यात दादा दुकानात आला, हातात मापाची टेप. संध्याकाळची खबर त्याला कुणी दिलीच नव्हती. तो टेबलाच्या कडेला टेप लावून वाकला. आप्पा दारात येऊन उभे राहिले.

"माप कसलं घेतोस? तिथे माणूस बसलंय."

दादाने वर बघितलं. टेबलावर परत आलेल्या घड्याळांचा ढीग होता, शिपायाचं, दंतवैद्याच्या बायकोचं, आणखी कितीतरी. पलीकडून भोंगेवाल्याचं वेटोळं गुणगुणत होतं. ताईने भिंग काढलंसुद्धा नाही.

"दादा," ती म्हणाली, "जरा उजेड सोड."