होय, हा अपराध माझ्याच हातून घडला

आता तुम्ही विषय काढलाच आहे तर सांगून टाकते. नाहीतरी जव्हारात दोन-चार जण अजून ते विसरलेले नाहीत. मी एकदा एका निरपराध माणसाला भर कोर्टात गुन्हा कबूल करायला लावला होता. तेही प्रेमानं. तेही महिनाभर तालीम घेऊन!

हसू नका, आधी ऐका.

संस्थान विलीन होऊन चार-पाच वर्षं झाली होती. मी बडोद्याला मामांकडे राहून शिकले आणि नुकतीच परत आले होते. तिकडे एका व्याख्यानात ऐकलं होतं की कैद्यांना नाटक, गाणं, चित्रकला शिकवली की त्यांच्यातला माणूस जागा होतो. झालं! वक्ते पाणी प्यायला थांबले तेवढ्यात मी ठरवून मोकळी झाले, की जव्हारच्या तुरुंगातली माणसं मी जागी करणार.

माझ्या मनातला तुरुंग कसा होता, सांगू? काळ्या दगडांची उंच भिंत. तिच्यावर बंदूकवाला पहारेकरी. आत लाल डोळ्यांचे दाढीवाले दरोडेखोर, पायांत बेड्या. मी आत पाऊल टाकणार, ते गुरगुरणार, मी न घाबरता हसणार, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी येणार. एवढं सगळं ठरलेलं होतं.

आणि सापडलं काय? कचेरीच्या आवारात कौलारू दोन खोल्या. गजांचं दार दिवसा उघडंच. अंगणात सात जण बसून हवालदाराच्या घरचे तांदूळ निवडत होते. त्यातल्या एकाच्या मांडीवर हवालदाराची तान्ही मुलगी झोपलेली. मी "बंधूंनो!" अशी सुरुवात केली, तसा तो ओठांवर बोट ठेवून म्हणाला, "बाय, हलू बोला. पोर आताच निजली."

हा जानू. मोखाड्याकडचा. माझ्या चुकीचा नायक.

माझे वडील आधी संस्थानच्या दप्तरात होते, विलीनीकरणानंतर मामलेदार कचेरीत कारकून. ते मला पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "सुमन, अगं ते कच्चे कैदी आहेत. त्यांचे खटले अजून उभे राहायचेत. शिक्षा झालेले इथं ठेवतच नाहीत, ठाण्याला पाठवतात."

मी म्हणाले, "बाबा, माणूस सुधारायला कोर्टाची तारीख लागत नाही!"

वाक्य चांगलं होतं की नाही? मला तर फारच आवडलं. इतकं, की त्या नादात त्यांचं वाक्य ऐकायचं राहूनच गेलं.

मामलेदारसाहेब तेव्हा मॅजिस्ट्रेटही असत. त्यांनी परवानगी दिली. मी चार दिवसांत नाटक लिहिलं, 'पापक्षालन'. नाव वाचून हवालदार म्हणाले, "ताई, हे म्हणायला जमेल का यांना?" मी म्हणाले, "नाव प्रेक्षकांसाठी असतं."

नाटकात एक अपराधी असतो. न्यायाधीश त्याला विचारतात, "तुला गुन्हा कबूल आहे का?" तो एक पाऊल पुढे येतो, छातीवर हात ठेवतो आणि म्हणतो, "होय! हा अपराध माझ्याच हातून घडला. मला शिक्षा द्या, न्यायदेवते!" न्यायाधीश गहिवरतात आणि त्याला सोडून देतात. पडदा.

कचेरीतून टेबल आणि खुर्ची आणली. हवालदार न्यायाधीश झाले. नाटकाची वही त्यांच्याच हातात, म्हणजे कोणी अडखळला तर पुढचा शब्द तेच सांगत. अपराध्याची भूमिका मी सातही जणांना आळीपाळीनं दिली. म्हटलं, पश्चात्तापापासून कोणी वंचित राहायला नको!

आणि उत्साह काय सांगू त्यांचा! बडोद्याच्या कॉलेजात मी इतकी मन लावून केलेली तालीम पाहिली नव्हती. प्रश्नावर प्रश्न.

"बाय, साहेबाला आयकू नाय गेला तर?"

"तर पुन्हा म्हणायचं. दुप्पट आवाजात."

"डोक्याचा फडका काढावा का ठेवावा?"

"काढ."

"आन् येवढा म्हटला का सोडतात?" हे जानूनं विचारलं.

"सोडतात! खऱ्या पश्चात्तापापुढं न्यायसुद्धा विरघळतो, जानू!"

तो लगेच उठून ते वाक्य पुन्हा म्हणायला लागला. मला वाटलं, माणूस जागा होतोय.

जानूला मी उभं कसं राहायचं, हात कसा उचलायचा हे शिकवत होते. कोणाला? मोखाड्याच्या बोहाड्यात दरवर्षी राक्षसाचं सोंग घेणाऱ्याला! बोहाडा तुम्हाला माहीत नसेल तर, देवांचे आणि राक्षसांचे मोठाले मुखवटे चढवून वाजंत्रीच्या तालावर सोंगं नाचवतात, तो उत्सव. मी लहानपणी तो पाहिलेला. पण बोहाडा म्हणजे गावाकडची गंमत आणि नाटक म्हणजे कला, असं माझं तेव्हाचं पक्कं मत. त्यामुळे जानू पाय किती नेमका टाकतो, हे महिनाभर समोर बघूनही मला दिसलं नाही.

महिन्याभरानं त्यांची तारीख आली. मी कौतुकानं कोर्टात जाऊन मागच्या बाकावर बसले. जानूनं मला पाहिलं आणि ओळखीची मान हलवली. मीही हलवली. तीही चूकच झाली म्हणा.

साहेबांनी कागद वाचला. "जामसरच्या राखीव जंगलात सागाचं झाड तोडलंस, असा आरोप आहे. रखवालदारानं तुला पाठमोरा पळताना पाहिलं म्हणतो. गुन्हा कबूल आहे का?"

जानूनं डोक्याचा फडका काढला. एक पाऊल पुढे आला. छातीवर हात ठेवला.

"होय! हा अपराध माझ्याच हातून घडला. मला शिक्षा द्या, न्याय... न्याय..."

"देवते!" दारातून हवालदार.

"हवालदार!" साहेब ओरडले.

"चुकलं साहेब. सवयीनं गेलं."

साहेबांनी चष्मा काढला. "काय म्हणालास तू?"

बिचाऱ्याला वाटलं, ऐकू गेलं नाही. त्यानं दुप्पट आवाजात पुन्हा म्हटलं. बाहेर पिंपळाखाली बसलेली माणसं उठून खिडकीशी आली.

पुढचा खटला मोहाची दारू गाळल्याचा. दारूबंदीचे दिवस. एक म्हातारबाबा उभे राहिले, फडका काढला, पाऊल पुढे, हात छातीवर. शब्दाला शब्द तेच! तिसऱ्यानं तर साहेबांनी तोंड उघडायच्या आधीच सुरुवात केली.

मी ताडकन उठले. "साहेब, ते खरं नाही! ते माझं आहे!"

"काय तुमचं? साग?"

"वाक्य, साहेब!"

कोर्ट हसलं. माझे बाबा खालच्या टेबलाशी लिहीत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही, पण टाक थांबला.

साहेब हसले नाहीत. "तरीच म्हटलं, मोखाड्याचा माणूस इतकं शुद्ध कधीपासून बोलायला लागला! हे पहा, आरोपीनं भर कोर्टात दोनदा कबुली दिली आहे. ती तुमच्या शिकवण्यामुळं दिली असेल, तर उद्या अकरा वाजता शपथेवर सांगा. नाहीतर मला ती खरी धरावी लागेल आणि तो काही महिने ठाण्याला जाईल."

बाहेर आल्यावर मी जानूला गाठलं. "अरे जानू, ते नाटक होतं रे! नाटक!"

"नाटक?" तो विचारात पडला. "बाय, सोंगाला मुखवटा लागतो. वाजंत्री लागते. नारळ फोडावा लागतो. तुमच्यात काय व्हता? टेबल, खुर्ची, हवालदार आन् कागद. आमाला वाटला, कोरटात काय बोलायचा ता शिकवाया सरकारनं बाय पाठवली."

मग महिन्यात पहिल्यांदा मी त्याला विचारलं, "तू तोडलास का तो साग?"

"मी कसा तोडणार? त्या दिशी मी मोखाड्याला राक्षस व्हतो."

"मग हे मला आधी का नाही सांगितलंस?"

"तुमी इचारला नाय."

चिडून नाही हो, साधं सांगितलं त्यानं. मग थोडं थांबून म्हणाला, "आवणीच्या आधी घरी जाईन ना, बाय? बायको वली बाळंतीन हाय. यकटीला भात लावाया जमणार नाय." मी मान हलवली आणि तडक घरी निघाले.

घरी बाबा जेवताना एवढंच म्हणाले, "वाक्य चांगलं लिहिलं होतंस."

पुढं काय झालं ते आत्ताच सांगते, म्हणजे तुमचा चहा गार व्हायला नको. साहेबांनी तिन्ही कबुल्या बाजूला ठेवल्या. म्हातारबाबांची कबुली खरीच होती, ती त्यांनी नंतर आपल्या भाषेत दिली. जानूसाठी मोखाड्याहून चार जण साक्षीला आले. साहेबांनी विचारलं, "मुखवट्याखाली हाच होता कशावरून?" त्यातला एक म्हणाला, "सायेब, तोंड झाकलेला, पाय उघडे व्हते. याचे पाय आख्खा गाव वळखतो." जानू सुटला आणि आवणीला घरी पोचला.

पण मला सांगायचंय ते दुसऱ्या दिवशी सकाळचं. कोर्टात उभं राहायचं म्हणून मी भाषण लिहिलं होतं. दोन पानं, पाठपोट! त्यात न्याय होता, कला होती, नवभारत होता. एकदा म्हणून बघावं म्हणून सकाळी आठलाच सबजेलच्या अंगणात गेले. हवालदार खुर्चीवर बसले. सातही जण तांदळाची सुपं बाजूला सारून समोर बसले.

मी सुरुवात केली. "सन्माननीय न्यायाधीश महाराज! आज या ठिकाणी उभी राहताना माझं अंतःकरण..."

"ताई," हवालदार म्हणाले, "साहेबांना जेवायला घरी जायचं असतं."

मी एक परिच्छेद गाळला. पुन्हा सुरू केलं. म्हातारबाबा मान हलवायला लागले. कौतुकानं नव्हे, डॉक्टर रोग्याकडे बघून हलवतात तशी.

"काय झालं बाबा?"

"तुमी खोटा बोलता असा वाटतो."

"अहो, पण मी अगदी खरं सांगतेय!"

"हां. तरी वाटतो."

मी जानूकडं पाहिलं. त्याची तर सगळी शेती, बायको, मूल माझ्या बोलण्यावर टांगलेलं. तो उठला, माझ्याभोवती एक फेरी मारली, पायांपासून डोक्यापर्यंत मला नीट पाहिलं आणि म्हणाला, "बाय, हात नका हालवू येवढं. ता कोरट हाय, नाटक नाय."

मी दोन्ही पानं हवालदाराच्या चुलीत घातली. ठरवलं, साहेब विचारतील तेवढंच सांगायचं. आणि हात कुठं ठेवायचे, ते जानूला विचारून घेतलं.