साहेबांची गाडी

आमच्याकडे गाडी घ्यायचं ठरलं तेव्हा पहिलं भांडण रंगावरून झालं. धाकट्या भावाला निळी हवी होती. आईला पांढरी नको होती, कारण ती मळते. मी थोरली, कॉलेजात जाणारी; मला रंगाचं काही नव्हतं. कॉलेजच्या फाटकाशी ती उभी राहिली तर दोनचार मुलींनी वळून बघावं, एवढीच माझी माफक अपेक्षा होती. अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "निळी नगं. रंगावरनं कुनी वळखाय नगं." भावानं निळ्याचा नाद सोडला. आम्ही बौद्ध, आणि निळा हा आमच्या झेंड्याचा रंग. हे त्याला फोड करून सांगावं लागलं नाही.

ही नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत अण्णांचा छोटा कारखाना होता. लेथवर पंपांचे सुटे भाग बनवायचे. सुरुवातीला ते एकटे होते, मग हळूहळू हाताखाली माणसं आली, आणि आम्ही सांगलीत स्वतःच्या घरात राहायला गेलो. तोवर चौघं एका स्कूटरवर बसून लग्नाकार्याला जात होतो. नवी, लहान गाडी सहज आली असती. पण अण्णांना मोठीच पाहिजे होती. लांब, एसीची, मागच्या सीटच्या मधोमध हात टेकायला गादी असलेली. अशी नवी घेणं आवाक्याबाहेर होतं, म्हणून जुनी बघायची. आणि एप्रिलात जयंतीला तीच गाडी घेऊन गावी जायचं, हे त्यांनी गाडी बघायच्या आधीच ठरवून टाकलं होतं.

गाव आष्ट्याजवळ. तिथं अण्णांचे थोरले भाऊ राहायचे, त्यांना आम्ही आबा म्हणायचो. आबा सांगलीला आले की जेवणं झाल्यावर जुन्या गोष्टी काढायचे आणि सांगताना स्वतःच इतके हसायचे की आम्हालाही हसू यायचं. त्यातली एक सायकलची होती. अण्णा आष्ट्याला शाळेत जायचे तेव्हा घरात एकच सायकल होती. वस्तीतून निघालं की गावातल्या माडीच्या घरावरून जावं लागे. तिथं भिंत सुरू झाली की आमच्या माणसांनी सायकलवरून उतरायचं, हातात धरून चालत न्यायची आणि भिंत संपली की पुन्हा टांग मारायची. कुणी लिहून ठेवलं नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं. "एवढी मोठी भित हाय व्हय, शाळंला रोज उशीर व्हायचा," असं म्हणून आबा मांडीवर थाप मारायचे. अण्णाही हसायचे. मला ती कुणा दुसऱ्याच्या काळातली गोष्ट वाटायची.

पहिली गाडी आम्ही सांगलीतच पाहिली. मालक सभ्य होते. त्यांनी बॉनेट उघडून दाखवलं, सगळी माहिती दिली, अण्णांना चालवून बघा म्हणाले. अण्णांनी खिशातून लोहचुंबक काढून दारांच्या पत्र्यावरून फिरवलं. अपघातात चेपलेल्या पत्र्याला पुट्टी भरलेली असेल तर तिथं चुंबक चिकटत नाही. ते सगळीकडे नीट चिकटलं. सौदा जवळपास झालाच होता. मग त्या गृहस्थांनी गाव विचारलं. मग आडनाव. मग गावात नेमकं कुठं, हे विचारलं. अण्णांनी खरं तेच सांगितलं. गृहस्थ थोडा वेळ टायरकडे बघत राहिले आणि म्हणाले की तसं एका पाहुण्यांना शब्द दिलाय, तुम्हाला कळवतो. पुढच्या रविवारीही ती गाडी त्यांच्या दारात उभी होती आणि काचेवर विकायची असल्याची पाटीही होती. आम्ही स्कूटरवरून तिच्यासमोरून गेलो. अण्णांनी स्कूटरचा वेग तेवढाच ठेवला. मी मात्र घरी येऊन भांडी आपटली आणि आईची बोलणी खाल्ली.

दुसरी गाडी साताऱ्याला होती. तिच्याबद्दल कारखान्यातल्या फोरमनला कळलं होतं. एका निवृत्त इंजिनिअरची, एकहाती वापरलेली, मोतिया पांढरी. आईला यायचं नव्हतं, भावाची परीक्षा होती, म्हणून अण्णांबरोबर मी निघाले. आदल्या दिवशी अण्णांनी मला माझा चांगला ड्रेस घालायला सांगितला. स्वतः मात्र ते कारखान्यातलीच खाकी पँट आणि साधा शर्ट घालून आले. मी म्हटलं, निदान इस्त्रीचा तरी घाला. ते म्हणाले, हाच बरा आहे.

कराडला एसटी थांबली तेव्हा आम्ही चहा प्यायला उतरलो. अण्णा बशीत चहा ओतून निवेपर्यंत थांबले, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "तिथं गेल्यावर मला अण्णा म्हनू नगंस."

मला वाटलं ते चेष्टा करतायत. मग त्यांनी समजावून सांगितलं. गाडी कुपवाडच्या एका कारखानदार साहेबांना घ्यायची आहे. साहेब परगावी गेलेत. त्यांनी आपल्या मुलीला पाठवलंय आणि सोबत जुन्या ड्रायव्हरला, पारख करायला. म्हणजे कुणी गाव विचारणार नाही. ड्रायव्हरचं आडनाव कोण विचारतं? आणि साहेबांच्या मुलीला विचारायची कुणाची छाती नाही. ते इतकं सरळ सांगत होते, जसं एखाद्या नट-बोल्टला कुठला पाना लागतो ते सांगावं. मी म्हटलं की मला नाही जमणार. ते म्हणाले, तुला बोलायचंच नाही, नुसतं बसायचंय.

मी नुसती बसले. त्या घरात हॉलमध्ये वेताच्या खुर्च्या होत्या, भिंतीवर अजिंक्यताऱ्याचा मोठा फोटो होता. घरच्या बाईंनी मला पंख्याखाली बसवलं आणि कुठल्या वर्षाला आहेस म्हणून विचारलं. अण्णा बाहेर अंगणात गाडीखाली उताणे झोपले होते. मला जाळीच्या दारातून त्यांचे पाय दिसत होते. उजव्या चपलेचा अंगठा शिवलेला होता. मीच तो मोच्याकडे नेऊन शिवून आणला होता. मी तिकडे बघायचं टाळत होते आणि सारखी बघत होते.

बाई वाईट नव्हत्या, हे सांगायलाच हवं. त्यांनी मला चहा दिला आणि लगेच दुसरा कप भरला. "तुमच्या ड्रायव्हरलाही देते हं," म्हणाल्या. कपही तोच होता, त्याच सेटमधला, निळ्या फुलांचा. अण्णांनी उठून हात पुसले, दोन्ही हातांनी कप घेतला आणि भिंतीकडे तोंड करून उभ्याउभ्या चहा प्यायले. घरी ते चहा असा कधी पीत नाहीत. पाटावर बसून, पेपर पुढ्यात घेऊन, आईला तिसऱ्यांदा साखर मागून पितात. हा माणूस मी कधी पाहिलेलाच नव्हता, आणि तो त्यांना इतका सहज जमत होता, याचीच मला जास्त लाज वाटली.

इंजिनिअरसाहेबांनी गाडी चालवून बघायला दिली. मी मागे बसले, कारण साहेबांची मुलगी मागेच बसणार. शेजारी ते गृहस्थ बसले आणि मधली गादी खाली करून माझा हात तिच्यावर ठेवायला सांगितला. पोवई नाक्यापर्यंत जाऊन आलो. अण्णांनी गाडी अशी चालवली की मला एकही गचका बसला नाही. परत आल्यावर ते गृहस्थ मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुमचा माणूस चांगला आहे. वडिलांना सांग, असा माणूस सोडू नका."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

परतीच्या एसटीत अण्णा खुशीत होते. इंजिन कसं, गिअर कसा, पत्रा कसा, सगळं सांगत होते. मी खिडकीकडे तोंड करून बसले होते. मला त्यांचा राग आला होता, त्या बाईंचा आला होता, त्या चांगल्या माणसाचा तर सगळ्यात जास्त आला होता. त्यानं वाईट वागायला हवं होतं. मग मला कुणाचा तरी नीट राग धरता आला असता. कराड गेल्यावर मी अण्णांना विचारलं की खरं सांगितलं असतं तर त्यांनी दिली नसती का. अण्णा म्हणाले, दिली असती कदाचित. मग तिकिटाची घडी घालत म्हणाले, "पन नसती दिली तर? परत इचारायला आंगात बळ पायजे बाय."

गाडी आणायला ते आणि फोरमन गेले. कागद अर्थातच अण्णांच्या नावावर व्हायचे होते. तिथं काय झालं ते अण्णांनी मला सांगितलं नाही, स्वयंपाकघरात आईला सांगताना मी ऐकलं. त्या इंजिनिअरसाहेबांनी नाव वाचलं, चष्म्यावरून अण्णांकडे बघितलं आणि विचारलं, "मग त्या दिवशीची मुलगी?" अण्णा म्हणाले, "माझीच." ते गृहस्थ आत गेले, गाडीची दुसरी किल्ली घेऊन आले आणि अण्णांच्या हातात दिली. बाई मात्र त्या दिवशी बाहेर आल्या नाहीत. आईनं एवढं ऐकून घेतलं आणि म्हणाली की आता तरी जेवा.

गाडी दारात आली. आईनं लिंबू न कापता, नारळ न फोडता, तिच्यावर नुसतं फूल ठेवलं आणि वंदना म्हटली. भाऊ शेजारच्या मुलांना आळीपाळीनं आत बसवून एसीचं वारं दाखवत होता. मीही एकदा तिच्यातून कॉलेजला गेले. मुलींनी वळून बघितलं. एकीनं विचारलं की पुढं बसलेत ते कोण. मी जरा मोठ्यानंच सांगितलं की माझे वडील. तरीही मला मागे बसवत नव्हतं. त्यानंतर गाडीत बसायचं तर मी पुढं, आणि आई असली तरच मागे.

जयंतीच्या सकाळी आम्ही गावाला निघालो. अण्णांनी पांढरा सदरा घातला होता, कडक इस्त्रीचा. आई नव्या पांढऱ्या साडीत त्यांच्या शेजारी होती. भाऊ आणि मी मागे. आष्ट्यापर्यंत भावानं टेप लावला होता आणि अण्णा स्टिअरिंगवर बोटांनी ताल धरत होते. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. आबा वस्तीच्या तोंडाशी उभे असणार, त्यांना बसवायचं आणि गावातून एक फेरी मारायची, मग मिरवणूक, असं ठरलेलं होतं. ती फेरी आबांना कळू द्यायची नव्हती. भावाला एवढं गुपित सांभाळणं जड जात होतं.

गावात शिरलो. ऊन नुकतं चढत होतं. वळणावर माडीचं घर आलं. ते बंद होतं. त्यातली माणसं कधीच पुण्याला गेली होती. दिवाळीला येऊन रंग देऊन जात, बाकी वर्षभर दाराला कुलूप. ओट्यावर कुणी नव्हतं. रस्त्यावरही कुणी नव्हतं, एक शेळी सोडून. भिंत सुरू झाली आणि गाडी हळू झाली. मला वाटलं, अण्णा आम्हाला ते घर दाखवणार, आबांसारखं हसून. गाडी थांबली. अण्णांनी दार उघडलं आणि उजवा पाय खाली टेकवला.

ते तसेच राहिले. एक पाय रस्त्यावर, एक आत, दोन्ही हात स्टिअरिंगवर, सायकलचं हँडल धरावं तसे. भावानं टेप बंद केला. मला मागून अण्णांची मान दिसत होती, तिच्यावर घाम आला होता. आपण कुठं आहोत हे त्यांना कळलं ते मला त्या मानेवरून कळलं. मला वाटलं, हे आम्ही बघायला नको होतं. साताऱ्याला ते ठरवून ड्रायव्हर झाले होते. इथं त्यांनी काहीच ठरवलं नव्हतं.

आईनं त्यांच्याकडे बघितलं नाही. समोर बघत, अगदी हळू म्हणाली, "आवं, आत बसा."

अण्णा आत बसले नाहीत. ते पूर्ण उतरले, पुढच्या टायरपाशी गेले आणि त्यावर पायानं दोनदा ठोकलं. मग परत येऊन बसले, दार ओढून घेतलं आणि आरशात आमच्याकडे न बघता म्हणाले, "हवा कमी वाटली."

"व्हय," आई म्हणाली.

भाऊ तोंड उघडणार होता, मी त्याचा हात दाबून धरला. मला लाज वाटत होती, पण ती आता अण्णांची नव्हती आणि त्या चपलेचीही नव्हती. ती कुणाची, ते मला नीट सांगता येत नाही. त्या कुलूपबंद घराला ती वाटायला हवी होती आणि वाटत होती आम्हाला. अण्णांनी गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली. पुढं वळणावर आबा दिसत होते, डोक्याला निळा फेटा बांधलेले, दोन्ही हात वर करून बोलावत होते. आईनं काच खाली करून त्यांना हात केला. रस्ता मोकळा होता, तरी भिंत संपेपर्यंत अण्णांनी दुसरा गिअर टाकला नाही.