अर्धा राब

एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाची सुट्टी लागली आणि मी डोक्यात अख्खं पर्यावरण भरून पोशेऱ्याला घरी आले. आल्या आल्या आईशी भांडण, तेही राबावरून. आमच्याकडे नागलीची, म्हणजे नाचणीची, रोपं वाढवायच्या तुकड्यावर उन्हाळ्यात शेण, वाळका पाला, गवत अंथरतात, वर माती पसरतात आणि भाजतात. तो राब. पाऊस लागला की त्या राखेत बी टाकायचं, रोपं मोठी झाली की उपटून माळावर लावायची. रोप नाही तर नागली नाही, आणि नागली नाही तर आमच्या घरात वर्षभर भाकरी नाही.

"अगं, जाळतेस काय! पाल्यातलं नत्र सगळं धुरात जातं," मी म्हटलं आणि चुलीतला कोळसा घेऊन ओट्यावर चित्रच काढलं. ऊन पानात, पान मातीत, मातीतून मुळात, परत पानात. "जंगलात कोण राब भाजतं? तरी ऐनाचं झाड उभं आहे ना?"

आई वाकून बघत राहिली. मग पानाकडून मातीकडे जाणाऱ्या बाणावर तिने बोट ठेवलं.

"ह्याला किती दिवस लागतात?"

खरं सांगते, मला माहीत नव्हतं. पुस्तकातल्या बाणांवर दिवस लिहिलेले नसतात. "पाऊस पडला की कुजतं गं आपोआप," मी ठोकून दिलं.

"बरं. अर्धा राब तुझा."

बाबा तेव्हा ठाण्याला बांधकामावर होते. फोनवर ऐकून म्हणाले, "आईला उपाशी मारशील पोरी." मी चिडले, पण मनातून टरकले.

आईने तिचा अर्धा भाजला. माझ्या अर्ध्यात मी पाला बारीक केला, शेण मिसळलं, कुदळीने मातीत घातलं. चांगले अकरा दिवस गेले. आई रोज शेजारी बसून ढेकळं फोडायची आणि बोलत राहायची, तिच्या माहेरचं, माझ्या जन्माच्या वेळचं, कुठलं कुठलं. मी कधी विचारलंच नव्हतं ते सगळं.

पाऊस आला, बी पडलं. तिच्याकडे रोपं हिरवीगार. माझी दोन पानांवर आली आणि पिवळी पडली, तण मात्र गुडघाभर! पुस्तक उघडलं तेव्हा कळलं, वाळका पाला कुजवणारे जीव मातीतलं नत्र आधी स्वतःच ओढून घेतात. मी बांधावर बसून भोकाड पसरलं.

"रडतेस काय येड्यासारखी?" आई म्हणाली. "रानातला पाला वर्षभर पडून असतो. तुलाच घाई. माती आधी आपलं पोट भरणार, मग दुसऱ्याला वाढणार."

लावणीचा दिवस आला. अर्धा माळ ओस पडणार, आणि तो माझ्यामुळे. आई तिच्या तुकड्यातली रोपं उपटत होती. मूठभर, आणखी मूठभर. संपेचनात. जरा बारीक होती, पण हिरवी. अख्ख्या माळाला पुरतील एवढी. तिने अर्ध्यातच दुप्पट बी पेरलं होतं.

"तुला माहीत होतं?"

"मला नाही तर कोणाला?"

"मग मला दिलासच कशाला?"

तिने मान वर केली नाही. "हॉस्टेलात गेल्यापासून सुट्टीत येतेस ती मोबाइल घेऊन ओट्यावर बसतेस. यंदा अकरा दिवस माझ्याजवळ बसलीस. त्याला अर्धा राब काय जास्त झाला?"

मी तिच्या शेजारी वाकले आणि रोपं लावत राहिले.

माझ्या अर्ध्यातला पाला पावसाळाभर कुजत पडला. पुढच्या उन्हाळ्यात परीक्षा चालू असताना आईचा फोन आला.

"राबाची भाजणी झाली. तुझा अर्धा तसाच ठेवलाय, काळी झालीये माती. कधी येतेस?"